पत्रिका न जुळवता केलेला संसार

"ओरिजिनल आहे का?" या प्रश्नाचा मला अलीकडे मनापासून वैताग आलाय. हापूस घेताना विचारा, पैठणी घेताना विचारा, माझी काही हरकत नाही. पण गेल्या तीन महिन्यांत हाच प्रश्न सिनेमाच्या दोन मशिनांबद्दल इतक्या लोकांनी विचारला की आता त्यावर एक पोस्ट झाल्याशिवाय डोकं शांत होणार नाही. नातेवाईक मंडळींपैकी अर्ध्यांना यातलं अर्धं माहीत आहे, उरलेलं आज सांगते. कारण निर्णय दिवाळीच्या आत व्हायचाय आणि तो आपल्याच घरात अडकलाय.

पार्श्वभूमी थोडक्यात. माझे मोठे मामा जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी थिएटरमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होते. (थिएटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मालकांच्या घरी वाटण्या चालू आहेत, उगाच माझ्या पोस्टवरून आणखी एक भांडण नको.) २०१३-१४ च्या सुमारास हिंदी-मराठी सिनेमांच्या फिल्मच्या प्रिंट निघायच्याच बंद झाल्या, तेव्हा वरच्या केबिनमधली मशिनं थांबली. पुढे थिएटरही थांबलं. आता तिथे मंगल कार्यालय होतंय. मालकांच्या धाकट्या मुलाने मामांना निरोप धाडला, "काका, केबिनमधलं काय न्यायचं ते न्या, दिवाळीनंतर जिना तोडायचाय." आजकाल एवढं तरी कोण विचारतं?

तर केबिनमध्ये दोन मशिनं आहेत. आणि गंमत अशी की ही दोन्ही मशिनं कुठल्याच एका कंपनीची नाहीत!

पहिल्याचं वरचं हेड, म्हणजे जिथे फिल्म दिव्यासमोरून जाते तो भाग, अमेरिकन सिम्प्लेक्सचा. त्याच्या खाली आवाज वाचणारं साउंड हेड आरसीएचं. मागे दिव्याची पेटी पीअरलेसची, मुळात कार्बनवर चालणारी. पण तिच्या पोटात नंतर झेनॉनचा बल्ब बसवलेला. त्याला वीज देणारा रेक्टिफायर तिसऱ्याच घरचा. दुसऱ्या मशीनचं हेड इंग्लंडमधल्या लीड्सला घडलेलं कॅली, खाली वेस्ट्रेक्सचं साउंड हेड आणि रिळाचे वरखालचे डबे फोटोफोनचे. लेन्स कुठून आल्या हे मामांनाच ठाऊक. एक लेन्स म्हणे परभणीच्या बंद पडलेल्या टॉकीजमधून पोत्यात गुंडाळून एसटीने आली होती.

हे सगळं ऐकून पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीचा पहिला उद्गार, "म्हणजे जुगाड!"

हा शब्द मला आवडत नाही. का ते सांगते, पण त्याआधी हे लग्न लागलंच कसं ते सांगायला हवं.

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेपासून ऐकलीय. त्या सामानात फिल्मला भोकं पाडायचं एक यंत्रही होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तेव्हा कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. ती अंधारात बसून, हाताने, कडेला एकसारख्या अंतरावर भोकं पाडून तयार करावी लागे, आणि हे काम सरस्वतीबाई फाळके करायच्या. घरच्या सगळ्यांचा स्वयंपाक आटोपल्यावर. भारतीय सिनेमाची मोजमापाची पहिली शिस्त एका बाईने रात्री जागून पाळली आहे, हे मला नेहमी लक्षात ठेवावंसं वाटतं. कारण त्या भोकांमधलं अंतर चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

ते अंतर जगभर एक ठरलं होतं. एडिसनच्या कारखान्यातून निघालेलं ३५ मिलिमीटर रुंदीचं आणि एका चित्राला चार भोकांचं माप १९०९ साली पॅरिसला भरलेल्या निर्मात्यांच्या परिषदेने मान्य केलं. भोकांचा आकार पुढे थोडाफार बदलला, पण एका चित्राला चार भोकं, एका फुटात सोळा चित्रं हा हिशेब फिल्म संपेपर्यंत टिकला. बोलपट आल्यावर वेगही ठरला, सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे मिनिटाला ९० फूट. तीन तासांचा सिनेमा धरला तर १६,२०० फूट, जवळजवळ पाच किलोमीटर! (सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट यायचं, त्यावर रिळांचा आकडा असायचा. आम्ही पोरं तो मोठ्याने वाचायचो. सतरा-अठरा रिळं असली की पैसा वसूल.)

मग झालं काय, की कोणत्याही देशातल्या कोणत्याही कारखान्याला मशीन करायचं असेल तर त्याच भोकांत बसणारे दात करावे लागले. फिल्मला झटका देऊन पुढे सरकवणारा जो छोटा स्प्रॉकेट असतो त्याला सोळा दात. तो एका वेळी पाव फेरा फिरतो, म्हणजे चार दात, म्हणजे चार भोकं, म्हणजे बरोबर एक चित्र. मग थांबतो. मग पुन्हा पाव फेरा. सेकंदाला चोवीसदा. सिम्प्लेक्स असो की कॅली, बाहेरचं धूड कसंही असलं तरी त्या चार भोकांपाशी सगळे एकच भाषा बोलतात. म्हणून लीड्सचं हेड अमेरिकन साउंड हेडवर बसू शकलं आणि आमच्या मराठवाड्यात पन्नास वर्षं नांदलं.

नांदलं खरं, पण आपोआप नाही.

फिल्मवर चित्राच्या शेजारी आवाजाची पट्टी असते. पण ज्या चित्राचा आवाज असतो तो त्या चित्राच्या शेजारी छापत नाहीत, सुमारे वीस चित्रं पुढे छापतात. कारण चित्र दिव्यासमोर क्षणभर थांबावं लागतं आणि आवाज अखंड वाहता लागतो, म्हणून दोन्ही एका जागी वाचता येत नाहीत. वीस चित्रं म्हणजे सव्वा फूट. मशीन एकाच कंपनीचं असेल तर हा सव्वा फूट कारखान्यातच ठरलेला असतो. हेड एकाचं आणि साउंड हेड दुसऱ्याचं असेल तर मधला फिल्मचा फुगा, ज्याला लूप म्हणतात, तो ऑपरेटरने जोखून सोडायचा. दोन बोटं जास्त सोडला की हेमामालिनीचे ओठ आधी हलणार आणि आवाज मागून येणार. मामा याच्यापुढे जाऊन आणखी एक गोष्ट करायचे, ती मला अलीकडेच कळली. सेकंदाच्या चोविसाव्या भागात, म्हणजे एका चित्राच्या वेळात, आवाज हवेतून जेमतेम १४ मीटर जातो. म्हणजे लांब हॉलमध्ये शेवटच्या रांगेला आवाज तसाही एकदोन चित्रं उशिराच पोचतो. मामा लूप लावून झाला की स्वतः खाली येऊन मधल्या रांगेत उभे राहायचे. "पुढच्याला बी नाय आन मागच्याला बी नाय, मधल्याला बरूबर पायजे," हा त्यांचा नियम.

मोटरचा किस्सा तर आमच्या घरात प्रसिद्धच आहे, पण त्यातलं गणित मला या वेळी समजलं. एकदा मोटर जळाली आणि मालकांनी कुठूनतरी स्वस्तात एक अमेरिकन मोटर तिच्या गिअरसकट आणली. दिसायला झकास. मामांनी नुसती पाटी वाचली आणि बसवायला नकार दिला. कारण अमेरिकेतली वीज ६० सायकलची आणि आपली ५०. तिकडे मिनिटाला १८०० फेरे घेणारी ती मोटर इकडे १५०० च घेणार. मग सेकंदाला २४ चित्रांऐवजी वीसच सरकणार. तीन तासांचा सिनेमा तीन तास छत्तीस मिनिटं चालला असता, त्याचं एक वेळ ठीक, पण काळी चारचं गाणं पांढरी चारच्या आसपास उतरलं असतं! लताबाईंचा आवाज असा उतरला असता तर पिटातल्या पब्लिकने खुर्च्या उचलल्या असत्या. शेवटी मोटर ठेवली पण गिअर बदलला. जालन्याच्या एका लेथवाल्याने नवीन गिअर कापून दिला. मामांनी दात मोजून कागदावर लिहून नेले होते, तो कागद आजही केबिनच्या भिंतीवर चिकटवलेला आहे.

लेथवाला हा या सगळ्या गोष्टीतला दुर्लक्षित माणूस. जालना म्हटलं की लोकांना बियाणं आणि सळया आठवतात, "जालना सोने का पालना" आठवतं. पण जिथे लोखंड वितळतं तिथे लोखंड कापणारे हातही असतात. लेन्सचंच घ्या. कुणाच्या लेन्सची नळी ६२.५ मिलिमीटरची तर कुणाची ७०.६ ची. बारीक लेन्स मोठ्या भोकात बसवायची तर मध्ये कडं लागतं, आणि ते केसभर तिरकं झालं तरी पडद्याची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धुरकट दिसते. १९५९ साली 'कागज के फूल' आला, तो आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. तेव्हापासून पुढे गावोगावच्या जुन्या मशिनांना समोरून आणखी एक जाडजूड लेन्स लटकवावी लागली, फिल्मवर आडवं दाबलेलं चित्र पडद्यावर दुप्पट ताणण्यासाठी. तिचं ओझं पेलणारे ब्रॅकेट कुठल्या कॅटलॉगमध्ये मिळत होते? असे गावोगावच्या लेथवर झाले. मामांच्या मशीनवर असा एक ब्रॅकेट आहे, त्याला हिरवा ऑइलपेंट दिलाय, कारण तेव्हा तोच उरला होता.

आता 'जुगाड' शब्दाकडे येते. जुगाड म्हणजे आजचा दिवस ढकलणं. त्यात मोजमाप नसतं, उद्याचा विचार नसतो. मामांच्या ट्रंकेत फीलर गेज आहे, टेस्ट फिल्मचा एक तुकडा आहे, आणि वहीत प्रत्येक वेळी काय बदललं त्याची तारीख. त्याला जुगाड म्हणायचं असेल तर मग नानांनी (माझे सासरे, वाचताय ना?) केलेल्या आपल्या घराच्या वायरिंगला काय म्हणायचं?

पण मला खोटं चित्रही रंगवायचं नाही. हल्ली फेसबुकवर जुन्या थिएटरांबद्दल जे गळे काढतात त्यांना वाटतं सगळं सोनंच होतं. नव्हतं. अशा जोडलेल्या मशिनांनी पब्लिकला त्रासही दिलाय. दोन मशिनं एकमेकांशी न जुळणारी असली की दर वीस मिनिटांनी कळायचं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात टिपका यायचा, मग दुसरा, आणि खट् करून दुसरं मशीन सुरू. अमिताभ पिवळसर उजेडात दार उघडायचा आणि निळसर उजेडात आत यायचा! कारण एकीकडे कार्बन, दुसरीकडे झेनॉन. लेन्स वेगळ्या असल्या तर तो आत येताना वीतभर उंचही व्हायचा. कितीतरी गावांत हे वर्षानुवर्षं चाललं आणि कुणी काही केलं नाही, कारण तिकीट पाच रुपये आणि तक्रार कुणाकडे करणार?

शिवाय प्रिंटची हालत. आमचा मराठवाडा वितरणाच्या नकाशात 'निजाम' सर्किटमध्ये. (१९४८ ला निजाम गेला, १९५६ ला हैदराबाद राज्य गेलं, १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला, सर्किटचं नाव मात्र तेच!) मोठ्या शहरात चालून चालून मग प्रिंट आमच्याकडे यायची, तोवर ती दहा केबिनांतून फिरलेली. एखाद्या ठिकाणी झिजलेला स्प्रॉकेट, हुकासारखे वळलेले दात, दोन हजार फुटांसाठी केलेल्या हातावर सहा हजार फुटांचं रीळ लटकवलेलं, की ताण वाढून भोकं फाटायची. एका केबिनमधला आळस पुढच्या सगळ्या गावांना भोगावा लागायचा. मामा रीळ आलं की रिवाइंडरवर संपूर्ण रीळ बोटांतून फिरवून बघायचे, डोळे मिटून. फाटकी कड बोटाला लागते म्हणे. त्यांच्या तर्जनीवर अजून बारीक चरे आहेत.

नव्वदच्या दशकात हळूहळू पॉलिस्टरची फिल्म यायला लागली तेव्हा आणखी एक पेच झाला. जुनी फिल्म सिमेंट लावून जोडता यायची आणि अडकली तर तुटायची. पॉलिस्टरला सिमेंट धरत नाही, टेप लागते, आणि ती तुटत तर नाहीच. म्हणजे जुन्या मशीनमध्ये नवी फिल्म अडकली तर मोडणार कोण? मशीन! मामांचं वाक्य : "आधी फिलिम मरायची, मशीन जगायचं. मग उलटं झालं." त्यांनी मग खालच्या रिळाचा क्लच मुद्दाम ढिला ठेवायला सुरुवात केली, म्हणजे ताण आला की रीळ घसरेल पण दात वाचतील. कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात हे नसणार, कारण त्या मशिनांची पुस्तकं छापली तेव्हा पॉलिस्टर नव्हतं.

झेनॉनच्या वेळीही तेच. कार्बनच्या पेटीत झेनॉन घुसवणं म्हणजे चुलीत गॅसची शेगडी ठेवण्यासारखं सोपं नाही. कार्बनचा रेक्टिफायर जसाच्या तसा चालत नाही, करंटमधली लहर कमी करावी लागते, पेटवायला वेगळा इग्नायटर लागतो, आरसा नव्याने जुळवावा लागतो. आणि बल्बच्या आत गॅस इतक्या दाबाने भरलेला की हातातून सटकला तर काचा अंगात घुसतील. मामा बल्ब बदलताना चेहऱ्यावर वेल्डिंगवाल्याचा मुखवटा घालायचे आणि तेव्हा मला केबिनमध्ये यायला सक्त मनाई असायची. "माय, तू खाली जाऊन भजी खा."

यानंतर डिजिटल आलं. २००५ च्या सुमारास यूएफओने उपग्रहावरून सिनेमा पाठवायला सुरुवात केली आणि त्याचं भलं लहान गावांनाच आधी झालं, हे मान्य करायला हवं. मुंबईत शुक्रवारी लागलेला सिनेमा आमच्याकडेही शुक्रवारीच लागू लागला. पोरांना पहिल्यांदा बिनचऱ्याचं चित्र दिसलं. २०१३ मध्ये फुजीने सिनेमाची बहुतेक फिल्म बनवणं बंद केलं, २०१४ मध्ये पॅरामाउंटने अमेरिकेत प्रिंट काढणं थांबवलं, म्हणजे हे सगळ्या जगाचंच झालं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण एक गोष्ट मात्र मला बोचते. हॉलीवूडच्या स्टुडिओंनी डिजिटल सिनेमाचे जे नियम केले, त्या पद्धतीच्या प्रोजेक्टरमध्ये सिनेमा उलगडणारा जो भाग असतो, त्याचं प्रोजेक्टरशी चक्क 'लग्न' लावावं लागतं. मी नाही म्हणत, त्या धंद्यातला शब्दच तो आहे, 'मॅरेज'! तो भाग काढला किंवा आतलं संरक्षित झाकण उघडलं की लग्न मोडतं आणि अधिकृत माणूस येऊन पुन्हा लावेपर्यंत पडदा काळा. सिनेमाची किल्ली वेगळी येते, ती त्याच यंत्रापुरती आणि ठरलेल्या तारखांपुरती. चोरी थांबावी म्हणून हे केलंय, कारण समजतं. पण याचा अर्थ असाही होतो की परभणीच्या बंद टॉकीजमधला सुटा भाग आता पोत्यात घालून आणून मनाने बसवता येत नाही. एका भागाचं आयुष्य संपलं की सगळंच भंगारात. आमच्या मामांच्या मशिनांनी पत्रिका न बघता संसार केला, एकेक जण मेला तरी घर चाललं. हे नवे छत्तीस गुण जुळवून आलेले, आणि दहा वर्षांत घटस्फोट!

(मामा इथे माझ्याशी सहमत नाहीत, हे नोंदवते. त्यांच्या मते डिजिटलचं चित्र आमच्या केबिनमधून कधीच निघालं नसतं इतकं स्थिर असतं, आणि मी सोयीचं तेवढंच बोलते.)

आता मूळ प्रश्न. मशिनांचं करायचं काय?

पहिला पर्याय भंगार. भंगाराला जालन्यात लांब जावं लागत नाही. किलोच्या भावाने जाईल आणि कुणाच्यातरी स्लॅबमधली सळई होईल.

दुसरा पर्याय एका हॉटेलचं इंटीरियर करणाऱ्या गृहस्थांचा. त्यांना फक्त सिम्प्लेक्सचं हेड हवंय, पाटीसकट. पॉलिश करून रिसेप्शनच्या काउंटरवर ठेवणार. पैसे चांगले देतायत, भंगाराच्या कितीतरी पट. बाकीचं "तुम्ही बघा काय करायचं ते." हिरव्या ब्रॅकेटबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते काढून टाका ना, ओरिजिनल नाहीये ते."

तिसरा पर्याय मी स्वतः शोधायला गेले. एका संग्रहालयाला फोटो पाठवले. उत्तर आलं, सभ्य भाषेत, की त्यांना एकाच उत्पादकाचा संपूर्ण संच हवा असतो, मिश्र यंत्रांना त्यांच्याकडे जागा नाही.

इथे माझं डोकं फिरलं. हॉटेलवाल्याचं मी समजू शकते, त्याला शोभेची वस्तू हवीय. पण संग्रहालयाने असं म्हणावं? कारखान्यातून निघाली तशी मशिनं किती गावांत तशीच राहिली? कंपनीचा एकसंध संच ठेवला तर कंपनीने काय विकलं ते कळेल. आमच्याकडे सिनेमा कसा दिसला हे कळायचं असेल तर ते लीड्स अधिक वेस्ट्रेक्स अधिक जालन्याचा लेथ अधिक हिरवा ऑइलपेंट असंच कळेल. त्यातलं प्रत्येक जोडकाम एकेका अडचणीच्या दिवशी झालंय. अमुक साली स्कोप आला, म्हणून ब्रॅकेट. कार्बन मिळेना, म्हणून झेनॉन. पॉलिस्टर आलं, म्हणून ढिला क्लच. हेड वेगळं काढलं की हे सगळं एका दिवसात निरर्थक लोखंड होतं, आणि ते हेडही मुकं होतं.

'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या तंबू टॉकीजच्या मागे काही वर्षं फिरून तो केला, २०१६ ला कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरवही झाला. त्यात प्रकाश नावाचे प्रोजेक्टर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी आपल्या डोक्याने गिअर तेलात बुडून चालतील असा प्रोजेक्टर तयार केला. तो ज्या काळात तयार झाला तेव्हा त्याचा खरेदीदारच उरला नव्हता. तो भाग मी मामांबरोबर पाहिला. मामा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "गेट लई चांगलं बशिवलंय त्यानं."

घरातल्या मंडळींचा आक्षेप मला माहीत आहे. दादा म्हणतो, "पैसे मामांच्या औषधाला येतील, तुझं तत्त्वज्ञान काय कामाचं?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मामांना पेन्शन नाही. थिएटरमधून निघाले तेव्हा हातात काय पडलं ते सांगण्यासारखं नाही. हॉटेलवाल्याची रक्कम त्यांच्या आठ-नऊ महिन्यांच्या औषधांची आहे. मामांनी स्वतः "वीक" म्हटलं असतं तर मी ही पोस्ट लिहिली नसती. पण मी त्यांना सरळ विचारलं आणि ते म्हणाले, "एक आख्खं ऱ्हाऊ द्या. दुसरं तुमी काय बी करा."

म्हणून माझा प्रस्ताव असा. पहिलं मशीन, सिम्प्लेक्सचं, सगळं एकत्र ठेवायचं, रेक्टिफायर, लेन्सचं कडं, हिरवा ब्रॅकेट, भिंतीवरचा कागद यांच्यासकट. दुसऱ्याचे भाग हवे तर विकू. कॅलीच्या हेडलाही गिऱ्हाईक मिळेल. औषधांचं आपण पाच भाचरंडं मिळून महिन्याला वाटून घेऊ, आकडा मी सगळ्यांना फोनवर सांगितला आहे, तो काही सिनेमाच्या तीन तिकिटांपेक्षा जास्त नाही. जागा? अंबडच्या आत्यांच्या वाड्यातली पुढची खोली रिकामी आहे आणि आत्यांनी हो म्हटलंय. संग्रहालय वगैरे मोठा शब्द मी वापरत नाही. खोली आहे, मशीन आहे, आणि सोबत एक वही.

वहीचं काम सुरू झालंय. मी रोज रात्री साडेनवाला फोन करते, मामा एकेक भाग सांगतात. कुठून आला, कुणी बसवला, काय त्रास दिला. हेड झालं, साउंड हेड झालं. लॅम्पहाउसला चार रात्री लागल्या. आता लेन्स चालू आहेत आणि त्या पोत्यातल्या लेन्सची एक भली मोठी भानगड निघालीय, ती वेगळ्या पोस्टमध्ये.

एक अडचण राहिलीय. केबिनचा जिना जेमतेम अडीच फुटी आहे आणि लॅम्पहाउस स्टँडवरून सुटं केल्याशिवाय खाली येणार नाही. आरशाची जुळणी मोडेल म्हणून मामा स्वतः हजर राहणार म्हणतात, त्यांचे गुडघे कसे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून वर न्यायला दोघं तरी हवेत. बदनापूरच्या धाकट्याकडे टेम्पो आहे. बाबा रे, तू हे वाचत असशील तर रविवारी सकाळी फोन कर, आणि येताना जाड सतरंज्या आण.